शिक्षकांची टीम घेऊन अभ्यासक्रमाचं काम कसं करायचं: आधी वह्या, मग कागद

जून जवळ आला की मला फोन यायला लागतेत, "मॅडम, आमच्या केंद्रात अभ्यासक्रमाच्या कामाला टीम केलीय अन् प्रमुख म्हणून माझं नाव टाकलंय, आता सुरुवात कुठून करू?" (केंद्र म्हणजे आजूबाजूच्या काही शाळांचा गट.) फोनवर अर्धा तास बोलून पण निम्मं राहून जातं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. मी बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे, आमच्या आजूबाजूच्या पाच शाळांची मिळून एक टीम आहे अन् तिचं काम मी चार वर्षं झाली बघते. खाली जे लिहिलंय ते सगळं आम्ही करून बघितलेलं आहे, काही चुकून मग सुधारलेलं आहे.

पहिल्या बैठकीला कुणीतरी हमखास विचारतंच की अभ्यासक्रम तर वरून येतो, आपण काय करणार. प्रश्न बरोबर आहे अन् त्याचं उत्तर प्रमुखाला आधीच पाठ पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ प्रमाणं अभ्यासक्रम ठरवायचं काम शैक्षणिक प्राधिकरणाचं, आपल्याकडं ते एससीईआरटी म्हणजे राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते, पुस्तकं बालभारती काढते, त्यात आपण हात घालायचा नाही. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कुठल्या इयत्तेत लेकराला काय यायला पाहिजे त्याची ठरलेली यादी, आहे तशीच राहणार. पण कुठला घटक कुठल्या महिन्यात घ्यायचा, त्याला किती तासिका द्यायच्या, उदाहरण कुठलं घ्यायचं, लेकरांच्या घरच्या भाषेतून सुरुवात कशी करायची, लेकराला आलं की नाही हे कशावरून ठरवायचं, हे सगळं शाळेच्या हातात आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन् त्यामागून २०२३ ला आलेला शालेय शिक्षणाचा आराखडा, दोन्हीत स्थानिक संदर्भ अन् शिक्षकाचं स्वातंत्र्य यावर भर आहे. तेवढी मोकळीक आपल्याला पुरून उरते, तीच आजवर आपण नीट वापरलेली नाही.

पहिल्या वर्षी माझी मोठी चूक झाली ती सांगते म्हणजे तुमचं वर्ष वाचेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एकटीनं बसून पहिली ते पाचवीचं सगळं नियोजन लिहून काढलं, झेरॉक्स काढून बाइंडिंग करून पाची शाळांना दिलं, सगळे म्हणाले लई छान झालंय मॅडम. दिवाळीनंतर एका शाळेत गेले तर ती प्रत कपाटात, दोऱ्यानं बांधलेल्या फायलींच्या खाली, एकही पान दुमडलेलं नाही. मला वाईट वाटलं पण राग नाही आला, कारण त्यात त्या सरांच्या वर्गातलं एकही लेकरू नव्हतं, ते त्यांनी कशाला उघडावं. तेव्हापासून मी स्वतःसाठी नियम केलाय की टीमच्या प्रमुखानं लिहायचं सगळ्यात कमी अन् विचारायचं सगळ्यात जास्त.

टीममध्ये कोण घ्यायचं

नावं ठरवताना आपला कल असतो तालुक्यात गाजलेले, तंत्रस्नेही म्हणून सत्कार झालेले शिक्षक घ्यायचा. एखादा घ्या, सगळे तसले नका घेऊ. पाच ते सात माणसं पुरेत, त्याच्या वर गेली की अर्धी नुसती ऐकायला बसतेत. द्विशिक्षकी शाळेवरचा एक जण पाहिजेच, कारण एका खोलीत तीन इयत्ता सांभाळताना कुठलं नियोजन टिकतं अन् कुठलं कोसळतं हे त्यालाच कळतं. पहिलीला शिकवणारं एक माणूस पाहिजे. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेले एक गुरुजी पाहिजेत अन् पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षक भरतीतून, नुकतं लागलेलं एक पोरगं किंवा पोरगी पाहिजे. अन् अंगणवाडीच्या ताईंना बोलवाच. नव्या रचनेत तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं अन् पहिली-दुसरी एका माळेत आलीत, मग ताईंशिवाय पहिलीचं नियोजन करायचं म्हणजे पहिल्या तीन वर्षांत काय झालं हे न विचारताच चौथ्या वर्षाचं ठरवायचं. आमच्या ताई पहिल्या दोन बैठकांत एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या वेळी मी त्यांनाच पहिलं बोलायला लावलं, तर त्यांनी सांगितलं की वाडीवरच्या चार लेकरांना अजून गोष्ट ऐकायचीच सवय नाही, त्यांना अक्षरं दाखवून काय होणार. पहिलीच्या मॅडमचं सगळं जूनचं नियोजन त्या एका वाक्यानं बदललं.

बोलायचा क्रम ही बारीक गोष्ट वाटते पण लई महत्त्वाची आहे. सगळ्यात नवीन माणसानं आधी बोलायचं अन् सगळ्यात जुन्यानं शेवटी, प्रमुखानं त्याच्याही नंतर. उलटं केलं की गुरुजींचं मत झाल्यावर नवीन पोरं फक्त मान हलवतेत.

सुरुवात वह्यांपासून

आता कामाचा गाभा. पहिल्या बैठकीला निष्पत्तीचे कागद, आराखडे, परिपत्रकं काही आणायचं नाही. प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या तीन लेकरांच्या वह्या आणायच्या, एक चांगलं येणारं, एक मधलं, एक मागं पडलेलं. नावाच्या जागी कागद चिकटवायचा, कुणाचं लेकरू कुणाच्या शाळेचं हे कळायला नको, नाहीतर चर्चा शिक्षकावर जाते. वह्या मधे ठेवायच्या अन् तासभर फक्त बघायचं की लेकरू चुकलं तर कसं चुकलं. किती चुकलं ते नाही, कसं चुकलं ते.

आमच्यात काय झालं ते सांगते. चौथीच्या वह्या होत्या, गणित होतं ४०२ वजा १७८. निम्म्याहून जास्त वह्यांत उत्तर ३७६. वेगवेगळ्या शाळा, वेगवेगळे शिक्षक, अन् चूक तीच. आम्ही सगळे म्हणालो हातच्याची वजाबाकी कच्ची आहे, सराव वाढवू. नवीन लागलेले सर गप बसून आकडे बघत होते, ते म्हणाले, "मॅडम, लेकरांनी हातचा चुकवलाच नाही, त्यांनी हातचा घेतलाच नाही. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढलंय." बघितलं तर खरंच, ८ मधून २ गेले ६, ७ मधून शून्य गेलं ७, ४ मधून १ गेला ३. लेकरासाठी ४०२ ही एक संख्या नव्हतीच, शेजारी शेजारी बसलेले तीन सुटे अंक होते. मग अजून शंभर वजाबाक्या दिल्या असत्या तरी त्यानं शंभर वेळा तेच केलं असतं.

त्या दिवशी आमचं पहिलं खरं अभ्यासक्रमाचं काम झालं. ठरलं काय, तर उभी मांडणी शिकवायच्या आधी चार तासिका फक्त सुट्टे करायच्या. खेळण्यातल्या नोटा घ्यायच्या, शंभराच्या चार, दहाची एकही नाही अन् एक रुपयाची दोन नाणी. आता दुकानदाराला १७८ द्यायचेत. लेकरं आपोआप म्हणतेत शंभराची मोडा की. एक शंभर मोडली की दहाच्या दहा झाल्या, त्यातली एक दहाची मोडली की रुपयाची नाणी झाली बारा. हातात राहिल्या शंभराच्या तीन, दहाच्या नऊ अन् बारा नाणी, आता द्या १७८, उरले २२४. दुकानात सामान आणायला जाणाऱ्या लेकराला हे येतंच, त्याला फक्त कुणी सांगितलेलं नसतं की फळ्यावरची वजाबाकी म्हणजे हेच. किराणा दुकान असलेल्या घरची एक पोरगी त्या तासाला बाकीच्यांना शिकवत होती, एरवी तिची वही लाल खुणांनी भरलेली असते.

वह्या बघून असे सात-आठ अडकायचे ठिकाण निघतेत, गणितात अन् भाषेत मिळून. तेवढेच घ्या. पहिल्या वर्षी सगळे विषय सगळे घटक घ्यायला गेलात तर मी केलं तेच होईल.

गावाचं कॅलेंडर भिंतीवर

दुसऱ्या बैठकीला ड्रॉइंग शीट जोडून एक मोठं कॅलेंडर करा, जून ते एप्रिल. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस अन् ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस अन् १००० तास लागतेत. तो आकडा वर लिहा अन् मग खरं काय होतं ते खाली भरा. आमच्या भागात दसरा झाला की मुकादमाच्या, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या माणसाच्या, गाड्या भरायला लागतेत, दिवाळीपर्यंत ऊसतोडीला जाणारी घरं गेलेली असतेत, काही लेकरं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतेत, काही आईबापाबरोबर कारखान्याच्या तळावर जातेत अन् कारखाना बंद झाल्यावर मार्च-एप्रिलला परत येतेत. ह्या लेकरांसाठी शाळेचं वर्ष म्हणजे जून ते ऑक्टोबर अन् एप्रिलचा तुकडा. पुस्तकाचा क्रम जसाच्या तसा धरला तर दुसऱ्या सत्रातलं त्यांना कधीच मिळत नाही, दरवर्षी तेच घटक सुटतेत, अन् पाचवीत गेल्यावर आपण म्हणतो ह्याला भागाकार का येत नाही.

म्हणून आम्ही लाल पेनानं प्रत्येक वर्गातली जाणारी लेकरं अन् त्यांच्या अंदाजे तारखा कॅलेंडरवर टाकल्या. मग विचारलं, ह्या लाल रेषेच्या आत काय झालंच पाहिजे? वाचन, स्थानिक किंमत, चार क्रिया, एवढं अलीकडं ओढलं. ज्याचं पुढच्या कशाला अडत नाही असं पलीकडं ढकललं. एप्रिलसाठी तीन आठवड्यांचा वेगळा घटक केला, त्याला आम्ही परतीचा घटक म्हणतो, त्यात नवीन काही नसतं, आलेलं लेकरू कुठं आहे ते बघायचं अन् तिथून उचलायचं. माझ्या मते मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेनं अभ्यासक्रमाचं एकच काम करायचं ठरवलं तर ते हे करावं, बाकीचं सगळं ह्याच्या नंतर.

कॅलेंडरवर बाकीचं पण येतंच. सोयाबीन काढणीचे दिवस, यात्रा, लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येच्या सणाला सगळं गाव रानात असतं, त्या दिवशी चाचणी ठेवून उपयोग नाही. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १९४८ साली निजामाच्या राजवटीतून सुटका झाली तो, तर त्या आठवड्यात आम्ही इतिहासाचा अन् भाषेचा मिळून एक घटक ठेवतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसानं निजामाच्या काळाबद्दल काय ऐकलंय ते विचारून लिहून आणायचं. प्रशिक्षणं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरायचे दिवस हे पण खरे खरे टाका, शिक्षकाला बघून बरं वाटतं की कुणीतरी हे मोजलं.

एका घटकाला एक पान

लिहिण्याचा नमुना साधा ठेवा, एका घटकाला एकच पान. पण भरायचा क्रम पाळा. सगळ्यात आधी हे लिहायचं की घटक झाल्यावर लेकरू काय करून दाखवेल. "समजेल", "गोडी वाटेल" असले शब्द चालणार नाहीत, डोळ्याला दिसेल असं पाहिजे, म्हणजे "४०५ रुपयांतून २६७ रुपये देऊन उरलेले नोटांनी अन् वहीत दोन्ही रीतीनं दाखवेल". त्याच्या खाली लेकरं नेमकी कुठं चुकतेत, मग कृती, तासिका, साहित्य, अन् शेवटी एक रकाना की एका खोलीत दुसरी इयत्ता बसली असेल तर ती ह्या वेळेत काय करेल. हा शेवटचा रकाना रिकामा असलेलं पान मी परत देते, कारण आमच्या अर्ध्या शाळा तशाच आहेत.

ह्याच्यातून एक फायदा झाला जो मी धरला नव्हता. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर वर्गात बघून करायच्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी आपण बाजारातल्या पुस्तिकेतून उतरवतो हे सगळ्यांना माहीत आहे. पहिला रकाना नीट लिहिला की नोंद तिथूनच निघते, "नोटा मोडून उरलेले सांगतो, वहीत मांडताना शून्यावर अडतो", अशी एक ओळ पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला पानभर स्तुतीपेक्षा कामाची असते.

गावातलं उदाहरण घेताना

स्थानिक म्हणलं की सगळ्यांना उत्साह येतो अन् मग प्रत्येक पानावर गावचं देऊळ येतं. घटकाला खरी मदत होत असेल तरच घ्या. पाण्याचा घटक आमचा चांगला जमला. पाचवीला मोठ्या संख्यांचा भागाकार होता, आम्ही २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे घेतली. मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीला १० वाघिणी अन् साधारण ५ लाख लिटर पाणी. एका घराला दिवसाला २०० लिटर धरलं तर किती घरांचं एका दिवसाचं पाणी झालं? २५००. लेकरांनी पुढं स्वतःच विचारलं की आपल्या गावात घरं किती, आपल्याला ती गाडी किती दिवस पुरली असती, अन् मग दोघी जणी आपल्या घरी दिवसाला किती घागरी लागतेत ते मोजून आल्या, कारण २०० लिटर हा आकडा त्यांना पटला नव्हता. परिसर अभ्यासात बीडची खजाना बावडी ही जुनी विहीर घेतली, मोट-पंप न लावता नुसत्या उतारानं शेतापर्यंत पाणी कसं जातं ते मैदानात चर खोदून बघितलं.

पण इथंच आम्ही एकदा घसरलो. एका सरांनी मनापासून एक उदाहरण केलं, मुकादमाकडून घेतलेली उचल म्हणजे आगाऊ पैसे, दिवसाची तोड अन् फिटायला लागणारे दिवस. हिशोब चोख होता. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आम्ही घटक वाचून दाखवले तर एक आई, स्वतः पंधरा वर्षं ऊस तोडलेल्या, उठून म्हणाल्या, "सर, आमचं देणं फळ्यावर नका मांडू. लेकरू घरी येऊन मला विचारील आपली किती राहिली म्हणून." सगळे गप्प. मग त्याच म्हणाल्या, "गाडीत मोळ्या किती बसतेत ते इचारा की, ते माझ्या पोराला तुमच्यापेक्षा जास्त येतंय." आम्ही तेच घेतलं, मोळ्या मोजणं अन् रचणं, त्यातून गुणाकार. तेव्हापासून स्थानिक उदाहरणाचं प्रत्येक पान समितीतल्या पालकांना वाचून दाखवल्याशिवाय आम्ही पक्कं करत नाही. कायद्यानं समितीत पालक असतेत ते फक्त सहीसाठी नाहीत.

तांड्यावरच्या म्हणजे बंजारा वस्तीवरच्या लेकरांचं पण असंच. पहिलीच्या पानावर आम्ही मराठी शब्दाशेजारी त्यांच्या घरच्या गोरबोलीतला शब्द लिहायची जागा ठेवलीय, आईला याडी, भाकरीला बाटी. हे शब्द शिक्षकानं कुठून शोधून नाही आणायचे, लेकरांना विचारायचे. जे लेकरू महिनाभर तोंड उघडत नाही ते इथं पहिल्यांदा बोलतं, कारण बाईंना येत नाही अन् त्याला येतं.

वर्गात जाऊन बघणं

पान लिहून झालं की लगेच पाची शाळांना वाटायचं नाही. दोन शाळांत शिकवून बघा अन् टीममधलं एक माणूस मागं बसवा. त्यानं शिक्षकाकडं बघायचंच नाही, फक्त तीन लेकरं निवडून ती काय करायलेत ते लिहायचं. हे आधी स्पष्ट सांगितलं नाही तर शिक्षकाला तपासणी वाटते अन् तो त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं शिकवतो. नंतर चर्चेत पण "तुम्ही असं केलं" हे वाक्य बंद, "त्या पोरानं असं केलं" एवढंच. ज्यांच्या वर्गात पहिलं बघितलं जातं ते प्रमुख असावेत. माझा तास पहिला बघितला गेला, त्यात मागच्या बाकावरचा एक जण वीस मिनिटं नुसत्या नोटा रचत बसला होता अन् मला दिसला नव्हता. ते सगळ्यांसमोर वाचलं गेल्यावर बाकीच्यांनी आपले वर्ग उघडायला वेळ लावला नाही.

कुरबुरी होणार. आमचे गुरुजी पहिल्या वर्षी प्रत्येक बैठकीला म्हणायचे पुस्तक आहे की, अजून काय लिहायचं. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नव्हता अन् त्यांचं म्हणणं सगळं चुकीचं पण नव्हतं. मी त्यांना म्हणलं, "गुरुजी, तुम्ही तीस वर्षं भागाकार शिकवलाय, लेकरं कुठं कुठं अडकतेत तेवढं मला सांगा, मी लिहून घेते." त्यांनी एका दमात नऊ ठिकाणं सांगितली, कुठल्याच पुस्तकात मी ती एकत्र बघितली नव्हती. ते पान आज त्यांच्या नावानं आहे. नावं टाकत जा, ज्यानं पान केलं त्याचं नाव त्या पानावर. अन् टायपिंगचं काम दरवेळी एकाच मॅडमच्या गळ्यात पडतं ते प्रमुखानं थांबवायचं, गुगल डॉक करून पाळी लावा, ज्यांना टायपिंग येत नाही त्यांनी हातानं लिहून फोटो टाकला तरी चालतंय.

वेळ कुठून आणायचा, तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास, महिन्यातून दोनदा, त्याच्यावर नाही. शिक्षण परिषदेतला, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीतला, अर्धा तास केंद्रप्रमुखांकडून मागून घ्या, सगळ्या केंद्राला एक पान दाखवायला तो पुरतो. गटशिक्षणाधिकारी साहेबांना अन् डाएटच्या (जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेच्या) विषय सहायकांना सुरुवातीलाच एक पत्र देऊन ठेवा की निष्पत्ती त्याच आहेत, क्रम अन् तासिका बदलल्यात, कारण हे. नंतर भेटीला आलेला अधिकारी विचारतो ऑक्टोबरचा घटक ऑगस्टमध्ये का चाललाय, तेव्हा एकट्या शिक्षकाला उत्तर द्यावं लागू नये.

वर्षाच्या शेवटी सुंदर प्रत काढायच्या मागं लागू नका. आम्ही आता बाइंडिंग करत नाही, साध्या फायलीत सुटी पानं असतेत. एप्रिलच्या शेवटच्या बैठकीला प्रत्येकानं आपली फाईल आणायची, अन् ज्या पानावर पेनानं काहीच खाडाखोड नाही ते पान आधी बाहेर काढायचं अन् विचारायचं, हे कुणी शिकवलं होतं का?